सतरावी कॅसेट आणि न विचारलेला प्रश्न

१

रविवार, १२ जानेवारी १९९२. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. डब्या चोवीस, कॅसेट तेवीस.

हा आकडा नोंदवहीत लिहिताना माझे अक्षर नेहमीइतकेच सरळ आले, याचे मला आजही नवल वाटते. पनवेलमधील आमच्या तळ्याकाठच्या वाचनालयाची यंत्रे सांभाळणे माझ्याकडे होते: एक भिंतीवरचे घड्याळ, तीन पंखे, एक टेपरेकॉर्डर आणि गेल्या वर्षापासून लोखंडी कपाटातील या चोवीस कॅसेट. विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी तीस वर्षे तांत्रिक शाळेत मोटारी गुंडाळायला शिकवले. डबी बंद आहे म्हणून आत वस्तू आहेच, असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी उत्तीर्ण केले नाही. त्यामुळे दर रविवारी मी डब्या उघडून कॅसेट मोजत असे. मागच्या रविवारी त्या चोवीस होत्या. आज सतरा क्रमांकाची डबी जागेवर होती, तिच्यावरची चिठ्ठी जागेवर होती, आणि आत काही नव्हते.

कॅसेट अनुयाच्या होत्या. अनुया माझ्या दिवंगत मित्राची मुलगी, मुंबईच्या विद्यापीठात भाषाविज्ञानात संशोधन करणारी. आमच्या माडीवरच्या खोलीत राहून ती बेलपाड्यापासून उरणपर्यंतच्या मिठागरी कुटुंबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत होती. सतरावी कॅसेट बेलपाड्याच्या सखूबाईंची. नोव्हेंबरात त्यांनी अनुयाला आपल्या लहानपणची एक कहाणी सांगितली. डिसेंबरात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. त्यांचा आवाज या जगात आता त्या एका फितीवरच उरला होता. अनुयाने त्यातील पहिली अकरा मिनिटे तेवढी कागदावर उतरवली होती.

वाचनालयाचे चिटणीस सत्यजीतराव यांना विचार करायला वेळ लागला नाही.

“कपाटाची चावी कुणाकडे असते? काशिरामकडे. मग शोधायचं काय राहिलं त्यात?”

काशिराम आमचा शिपाई. एकोणीस वर्षांची नोकरी. तासाभरात सत्यजीतरावांनी त्याचा जबाब लिहून त्यावर सही घेतली. पुढच्या रविवारी पाच वाजता कार्यकारिणीची सभा होती. विषय एकच: काशिरामला कामावरून काढणे.

२

जबाबाची प्रत मी घरी आणली. मजकूर असा होता: “चावी माझ्याकडे असते. मी ती खिळ्यावर ठेवून बाहेर गेलो होतो. माझ्या घरी टेपरेकॉर्डर नाही. मी कॅसेट विकलेली नाही. मी दारू पीत नाही.”

“सत्यजीतराव म्हणतात, विकली नाही असं हा आपण होऊन सांगतोय,” मी अनुयाला म्हटले. “ज्यानं विकली नाही, त्याला विक्री सुचेल कशी, असा त्यांचा मुद्दा आहे. मलाही तो अगदीच टाकाऊ वाटत नाही.”

अनुयाने कागदावर मधोमध उभी रेघ मारली. उजवीकडे जबाबातील वाक्ये एकाखाली एक लिहिली आणि डावी बाजू कोरी ठेवली.

“काका, हे अर्धंच बोलणं आहे. डावीकडचं कुठंय?”

दुसऱ्या दिवशी वाचनालयाला सुटी होती. काशिरामला मी घरी बोलावले. तो खुर्चीवर बसेना. शेवटी उंबऱ्याशी टेकला.

“सत्यजीतरावांनी तुम्हाला काय काय विचारलं, ते क्रमानं सांगा,” अनुया म्हणाली.

“पहिलं विचारलं, चावी कुणाकडं असते. मग, उघड्यावर टाकून गेला होतास ना. मग, घरी टेप आहे का. मग म्हणाले, कितीला विकलीस. आणि पितोस का.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, विकली नाही. दुसरं काय म्हणणार, ताई? हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. त्यांचं मात्र काहीच लिहिलं नाही.”

अनुयाने डावी बाजू भरली. कागद तोच, वाक्ये तीच. पण आता तो एका गांगरलेल्या माणसापुढे उभ्या केलेल्या पाच प्रश्नांचा कागद झाला होता.

“व्याकरण वाक्यापाशी थांबतं,” काशिराम गेल्यावर ती म्हणाली. “त्याच्या पुढं काय घडतं, कोण कुणाला, कशाच्या उत्तरादाखल, कोणत्या क्रमानं बोलतो, ते आम्ही पाहतो. त्याला संकथन-विश्लेषण म्हणतात.”

“म्हणजे गप्पांचं शास्त्र.”

“म्हणा हवं तर. पण गप्पांना घाट असतो, काका. प्रश्नाला उत्तर बांधलेलं असतं. माणूस उगीच ‘नाही’ म्हणत नाही. तसं कुणीतरी आधी समजलेलं असावं लागतं. उत्तर सापडलं आणि प्रश्न दिसला नाही, तर प्रश्न शोधायचा.”

मी म्हटले, “एका तारेनं दिवा लागत नाही. परतीची तार लागते.”

“हे मी प्रबंधात घालते,” ती म्हणाली. मग हसू आवरून तिने सखूबाईंची आठवण सांगितली. ध्वनिमुद्रण करताना आपला आवाज मध्ये येऊ नये, हे शिकलेली अनुया गप्प बसून ऐकत होती. दोन मिनिटांत सखूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, “झोपलीस का गो?” त्या घरांत कहाणी ऐकणाऱ्याने दर टप्प्याला “हुं” म्हणायचे असते. हुंकार आला नाही की सांगणारा पुढे जात नाही. मग अनुया हुंकार देऊ लागली, मध्ये प्रश्नही विचारू लागली, आणि कहाणी चालू झाली.

३

काशिरामच्या सांगण्यानुसार त्या आठवड्यात चावी खिळ्यावर राहिली ती एकदाच: गुरुवारी, ९ तारखेला, दुपारी तीनच्या सुमारास. तो मागच्या नळावर पाणी भरायला गेला होता. वाचनकक्षात तेव्हा दोन माणसे होती. एक चारुताबाई, महाविद्यालयातील प्राध्यापिका. दुसरा आनंदा, खुद्द सखूबाईंचा मुलगा. तो भाताच्या गिरणीत वजनकाटा सांभाळी आणि बेलपाड्याची बस मिळेपर्यंत आमच्याकडे वर्तमानपत्र वाचत बसे.

चारुताबाई लोककथांचे पुस्तक तयार करीत होत्या, आणि सतरावी कॅसेट त्यांनी दोनदा मागितली होती. मी त्यांना त्यांच्या घरी भेटलो. एक कॅसेट गेली आहे, एवढेच सांगितले.

“कोणती?” त्यांनी विचारले.

“सतरावी.”

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे म्हातारीची. मी सत्यजीतला दोनदा म्हटलं होतं, एक प्रत काढून ठेवा. नियम दाखवले मला. आता ठेवा म्हणावं ते नियम वाजवून.” मग माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही माझी झडती घ्यायला आला आहात, उदयसिंहराव. घ्या. फक्त ती कपाटं आवरून द्या जाताना.”

घरात कुठेही टेपरेकॉर्डर नव्हता. त्यांची सारी टिपणे हातांनी लिहिलेली होती. अर्थात, नसलेल्या वस्तूवरून मी निष्कर्ष काढत नाही. पण एक गोष्ट माझ्या मनात होती. डबी मागे ठेवणाऱ्याला कॅसेट कायमची नको होती. ती परत डबीत जायची होती. पुस्तकासाठी चोरणाऱ्याने मागे डबी कशाला ठेवावी?

मंगळवारी दुपारी आनंदा वाचनालयात आला. पन्नाशीकडे झुकलेला, अबोल, डोळ्यांच्या पापण्यांवर कायम कोंड्याची धूळ.

“आनंदा, तुझ्या आईची कॅसेट हरवली आहे,” मी म्हटले.

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. “मला कशाला लागते ती, सायेब? आयची कहानी लहानपनापासनं पाठ हाय मला. शहरातल्यांना लागते टेपात.”

“गुरुवारी तू इथं होतास.”

“रोजच असतो. पेपर फुकट हाय.”

तो उठला तेव्हा त्याच्या पिशवीतून कागदाची पुडी घरंगळली. आत नवे कोरे सेल होते, मोठ्या आकाराचे, चार.

“टॉर्चला,” तो म्हणाला आणि पुडी उचलून निघून गेला.

टॉर्चला दोन सेल लागतात, क्वचित तीन. चार मोठे सेल लागतात ते खेड्यापाड्यांत वापरतात त्या टेपरेकॉर्डरला. पण मीटरचे एकच वाचन घेऊन मी निष्कर्ष काढत नाही. माणूस दोन सेल जादा घेऊन ठेवूही शकतो.

४

बुधवारी दुपारी मी आणि अनुया बेलपाड्याला गेलो. आज त्या बाजूला कोणी गेले तर त्याला इमारतींखेरीज काही दिसणार नाही. तेव्हा महामार्गावर बस सोडली की पाच मिनिटांत शेतांचे बांध लागत, आणि खाडीच्या बाजूला, दूरवर, उन्हात मिठाचे ढीग उभे दिसत. वारा खारट होता. अनुयाने चपला हातात घेतल्या. चिखलात त्या रुतत होत्या.

आनंदाच्या घराच्या ओटीवर त्याची बायको रंभा तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहताच तिने बोट ओठांवर ठेवले आणि सूप बाजूला सारून जागा करून दिली.

“गोष्ट चालू हाय,” ती हळू म्हणाली. “आता मधी शिरलात तर सासू हातानं खुना करून परत पयल्यापासनं सांगाया लावते.”

“सखूबाई बोलतात?” अनुयाने विचारले.

“बोलत नाय. तिचा मुलगा सांगतो, ती आयकते. गुरवारपासनं रोजचं हाय. जरा लवकर येतात गिरनीतनं.”

आतून आनंदाचा आवाज येत होता. गिरणीतला नव्हता तो. सावकाश, एका लयीतला.

“बांधाला खांड पडली. पानी मिठात शिराया लागलं. तू पलालीस.”

तो थांबला. मग आतून दुसरा आवाज आला, घशातून ओढून काढलेला, पण स्पष्ट: “हुं.”

अनुयाने माझा हात घट्ट धरला. दीड महिना त्या बाईच्या तोंडून बाहेरच्या कोणी आवाज ऐकला नव्हता.

“पायात काय नाय. चपला कसल्या, मिठागरात कुनी चपला घालीत नाय.”

“हुं.”

“मंग तू खांडीत उतरलीस, पाठ लावून उभी रायलीस. पोहाया येत व्हतं तर. खाडीवरच्या पोरीला पोहाया नाय येनार?”

“हुं.”

सवयीने मी वही काढून शब्द न् शब्द उतरवीत होतो. अनुया मात्र ऐकायची थांबली होती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“चला, काका,” ती एकाएकी म्हणाली. “आत नको जायला. आज नको.”

रंभाने पाणी आणले तोवर आम्ही ओटी उतरलो होतो. बसमध्ये बसल्यावर अनुया म्हणाली, “काका, तो माझ्या प्रश्नांची उत्तरं देत होता.”

५

घरी आल्यावर तिने ट्रंकेतून अकरा मिनिटांचे लेखन काढले. प्रत्येक ओळीला क्रमांक होता.

ओळ ३१, अनुया: पायात चपला नव्हत्या?

ओळ ३२, सखूबाई: चपला कसल्या गो, मिठागरात कुनी चपला घालीत नाय.

ओळ ३८, अनुया: आजी, तुम्हाला पोहता येत होतं?

ओळ ३९, सखूबाई: पोहाया येत व्हतं तर. खाडीवरच्या पोरीला पोहाया नाय येनार?

मी माझी वही शेजारी ठेवली. दोन वाचने, आणि दोन्ही जुळत होती. तरीही शंका घेणे माझे काम होते.

“सखूबाईंनी लहानपणी त्यालाही असंच सांगितलं असेल.”

“कुणाच्या प्रश्नावर? मिठागरातलं पोर आईला विचारेल का, चपला होत्या का म्हणून? हे अडाणी प्रश्न माझे आहेत, काका. मी नसते तर ती उत्तरं जन्मालाच आली नसती.”

“आपल्याला ऐकू यावं म्हणून त्यानं खुलासा केला असेल.”

“आपण ओटीवर आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि तो सांगत कुणाला होता? जिनं पन्नास वर्षं त्या मिठात पाय भिजवले, तिला.”

“हे कागद कोणी पाहिले?”

“तुम्ही आणि मी. ट्रंकेची चावी माझ्या गळ्यात आहे.”

मी चार सेल आठवले. मागे ठेवलेली डबी आठवली. रंभाचे शब्द आठवले: गुरवारपासनं. तेव्हा एकच गोष्ट शिल्लक राहिली, आणि तिचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. स्वतःच्या आईचा आवाज हा माणूस मागून का नेत नाही?

६

शनिवारी दुपारी मी गिरणीवर गेलो. आनंदा काट्यापाशी उभा राहून पोत्यांची वजने लिहीत होता. मी त्याला चोर म्हटले नाही. कोणता प्रश्न विचारायचा, ते मी अनुयाशी बोलून ठरवून आलो होतो.

“आनंदा, आमच्या कागदावर तुझ्या आईची कहाणी खांडीपाशी संपते. अकराव्या मिनिटाला. पुढं काय झालं?”

त्याने समोरच्या पोत्याचे वजन लिहून टाकले.

“पुढं गावची मानसं आली,” तो म्हणाला. “माती, पेंढा घेऊन. पयला हात पुढं केला तो एका पोरानं. त्यानं तिला वर घेतली. तो माझा बाप. सायेब, हे मला मागल्या गुरवारी कललं. सत्तेचालीस वर्सांचा हाय मी.”

मी पोत्यावर बसलो. तो उभाच होता.

“रोज रातच्याला ती सांगायची. मी हुं हुं करायचो, आन् खांडीपाशी झोपून जायचो. रोज. मंग मोठा झालो, तेवा कोन आयकतो? बाप लौकर गेला. ती कुनाला सांगनार? तुमची अनुयाताई आली तवा सांगितलं. माझ्या आयचं बोलनं कपाटात, आन् मी बाहेर पेपर वाचतो.”

“मागायचं होतंस. मी दिली असती.”

“काय म्हनून मागू? आयची गोष्ट मला येत नाय म्हनून?” तो कडवट हसला. “गावभर सांगितलंय, पाठ हाय म्हनून.”

“मग तिला टेपच का ऐकवली नाहीस?”

“आयकवली. पयल्या दिशी. सोताचा आवाज आयकून रडली, तोंड फिरवलं भिंतीकडं. टेप काय थांबत नाय, सायेब. ती हुं म्हनेपत्तूर वाट बघत नाय. मंग मी आयकून आयकून सोता पाठ केली. मी सांगतो, थांबतो. ती हुं म्हनते. मी सांगितली त्याच दिशी पयल्यांदा म्हनली.”

“त्यात अनुयाच्या प्रश्नांची उत्तरंही सांगतोस. चपला, पोहणं.”

“आय जे बोलली ते मी कसं गालू? कोनतं गोष्टीतलं आन् कोनतं ताईंसाटी, मला काय ठावं?”

इथेच त्याची चूक होती. ज्याने आयुष्यात कधी कहाणी सांगितली नव्हती, त्याने ती सगळीच्या सगळी उचलली होती, परक्या मुलीच्या प्रश्नांच्या खुणांसकट.

“उद्या पाच वाजता काशिरामला काढणार आहेत,” मी म्हटले.

त्याच्या हातातली पेन्सिल थांबली. “काशिरामला? कशापायी? डबी तर मी तिथंच ठेवली व्हती.”

“मी नुसत्या डब्या मोजत नाही.”

पाठीमागून हमालाने हाक मारली. आनंदा वळला आणि पोत्याखाली हात घालून उभा राहिला. तो येईल की नाही, हे मला त्याच्या पाठीवरून कळेना.

७

रविवार, १९ जानेवारी. सभा पाच वाजता सुरू झाली. सभासद सात होते, त्यांत चारुताबाईही. काशिराम दाराबाहेर बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून.

सत्यजीतरावांनी जबाब वाचला. मी विनंती केली की अनुयाने रेघ मारलेला कागदही वाचावा, डाव्या बाजूसकट. ते प्रश्न त्यांचेच होते. ते त्यांना स्वतःच्या तोंडाने वाचावे लागले. ‘कितीला विकलीस’ पाशी त्यांचा आवाज खाली आला.

“हे बोलण्याच्या ओघात विचारलं जातं,” ते म्हणाले.

“मग ओघही लिहायला हवा होता,” चारुताबाई म्हणाल्या.

“ठीक आहे. पण कॅसेट? कॅसेट तर गेलीच ना? काशिरामनं नाही, तर कुणी नेली?”

मी घड्याळाकडे पाहिले. पाच वाजून वीस मिनिटे. नाव माझ्या ओठांवर होते आणि मी ते उच्चारले नव्हते. आणखी पाच मिनिटे थांबायचे, असे मी ठरवले.

तेविसाव्या मिनिटाला आनंदा आत आला. पापण्या धुतलेल्या होत्या. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली कॅसेट त्याने टेबलावर ठेवली आणि सत्यजीतरावांकडे न बघता दाराबाहेर, काशिरामकडे बघून म्हणाला, “मी नेली. काशिराम, तुला बोल लागला, ते माझ्यामुलं.”

काशिराम बाकावरून उठत म्हणाला, “मागितली असतीस, तर चहा पण दिला असता.”

आनंदाने सगळे सांगितले. खांडीपाशी झोप लागायची, तेही. ते सांगणे त्याला चोरीच्या कबुलीपेक्षा अधिक जड गेले. ठराव मतदानाला आलाच नाही. सत्यजीतरावांनी जबाब चार तुकडे करून खिशात घातला आणि काशिरामला चहा सांगायला पाठवले. जाताना काशिरामने कपाटाची चावी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“हिशेबानं सांभाळा, साहेब. मी बाहेर चाललोय.”

सत्यजीतराव चहा येईपर्यंत ती चावी हातात धरून बसले होते.

कॅसेटची एक प्रत मी त्याच संध्याकाळी काढून आनंदाला दिली. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा बेलपाड्याला गेलो. या वेळी रंभाने आम्हाला आत नेले. आनंदा सांगत होता, सखूबाई ऐकत होत्या, आणि अनुयाने यंत्र लावले होते. ती गप्प होती. तिची गरज नव्हती. आनंदाने पहिला हात पुढे करणाऱ्या पोराचे नाव घेतले, तेव्हा सखूबाईंचा हुंकार लगेच आला नाही. मी घड्याळ पाहिले. नऊ सेकंद. मग तो आला, आणि आनंदा पुढे सांगू लागला.

सखूबाई त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गेल्या. काशिरामने आणखी अकरा वर्षे नोकरी केली. अनुयाच्या प्रबंधात परतीच्या तारेचा दृष्टान्त आहे. तळटीपेत माझे नाव आहे. ते वाचनालय आता दुसऱ्या इमारतीत गेले आणि ते लोखंडी कपाट कुठे गेले, मला ठाऊक नाही. नोंदवही मात्र माझ्याकडे आहे. तिच्यातील या प्रकरणाची शेवटची नोंद अशी:

रविवार, २ फेब्रुवारी १९९२. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. डब्या पंचवीस, कॅसेट पंचवीस.